चार नंबरची बाटली

लिफ्टवाल्यांना मुलीचा फोन आला तेव्हा उशीर झाला होता. सहाही बाटल्या आतल्या खोलीत जाऊन, कापडी पिशव्या चढवून, नंबर लावून टेबलावर आल्या होत्या.

"बाबा, मी आणलेली बाटली इथं कपाटातच आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही कुठली नेलीत?"

लिफ्टवाल्यांनी फोन खिशात ठेवला आणि खुर्चीचा हात धरला. कपाटात एकसारख्या दोन बाटल्या होत्या, दोन्हींच्या लेबलावर निळी होडी. एक मुलीनं दुकानातून आणलेली, दुसरी बायकोची. बायको क्लबातल्या रिकाम्या बाटल्या घरी आणून धुवायची आणि दरवर्षी त्यांत स्वतः केलेली वाइन भरायची. लेबलं मात्र तशीच ठेवायची, कारण तिला ती चित्रं आवडायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या हातची ही एवढी एकच बाटली उरली होती, आणि ती आता समोरच्या सहा पिशव्यांपैकी एकीत होती.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून ते लिफ्टवाले. क्लब बायकोचा. ती गेल्यावर तिची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं, आणि तीन महिने ते येऊन गप्प बसत होते. डॉक्टरीणबाई दातांच्या. क्लब भरायचा रविवारी दुपारी त्यांच्या बंद दवाखान्यात, कारण वाइन चाखून थुंकायची असते आणि थुंकायची एवढी उत्तम सोय दुसरीकडे कुठं नव्हती.

नियम कडक होते. प्रत्येकानं एक बाटली आणायची. डॉक्टरीणबाईंचे यजमान, जे वाइनला शिवत नसत, ते तिला पिशवी घालणार. वीसपैकी गुण. पहिली येईल ती सगळ्यांनी मिळून संपवायची. शेवटची येईल ती पेशंटच्या खुर्चीशेजारच्या बेसिनात ओतायची. मधल्या चार ज्याच्या त्याच्या घरी परत. आणि आपली बाटली आहे असं जो आधीच बोलेल त्याची बाद, म्हणजे तीही बेसिनात. हा शेवटचा नियम पोस्टमास्तरांमुळे करावा लागला होता.

लिफ्टवाल्यांनी विचार केला. बोललो तर बाटली जाते. पहिली आली तर जाते, शेवटची आली तरी जाते. ती मधेच अडकली पाहिजे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकू नये म्हणून त्यांनी चाळीस वर्षं खर्ची घातली होती; आज पहिल्यांदाच त्यांना उलटं हवं होतं.

बाटली ओळखायची चिंता त्यांना नव्हती. एकतीस वर्षं दर हिवाळ्यात ते ही वाइन पीत आले होते. आणि दोन नंबरचा घोट घेतल्याबरोबर त्यांचे डोळे भरून आले. मऊ, गोडसर, मनुकांचा वास. हीच. त्यांनी विचारपूर्वक बारा गुण दिले आणि शेजारी डोकावलं. शिंपीबुवांनी अठरा दिले होते.

मग तीन महिने मुके असलेले लिफ्टवाले बोलायला लागले. शिंपीबुवांना म्हणाले, बरी आहे, पण अठरा जरा अति होतात. शिंपीबुवांनी संशयानं पुन्हा चाखली आणि चौदा केले. पलीकडे संगीत शिकवणाऱ्या दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांनी पाच दिले होते. त्यांना लिफ्टवाल्यांनी सांगितलं की इतकं निष्ठुर होऊ नये, कुणीतरी कष्टानं केलेली असते. बहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि दहा केले. पोस्टमास्तरांना ते दोन नंबरबद्दल काही सांगायला गेले, तर पोस्टमास्तर लालबुंद झाले आणि बोलेनात.

उरलेल्या वाइन त्यांनी घाईनं उरकल्या. फक्त चार नंबरनं त्यांना थांबवलं. ती त्यांनी चुकून गिळली, पाणी प्यायले, दोन गुण दिले आणि शेरा लिहून टाकला.

निकाल लागला. दोन नंबर तिसरी आली. लिफ्टवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सगळ्यात शेवटी, फार मागे राहून, आली चार नंबर. ओतण्याआधी सगळ्यात कमी गुण देणाऱ्याचा शेरा मोठ्यानं वाचायची रीत होती. डॉक्टरीणबाईंनी कागद उचलला.

"लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी."

दवाखाना हसला. लिफ्टवालेही हसले, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग पिशव्या निघाल्या. दोन नंबर पोस्टमास्तरांची होती. चार नंबरच्या लेबलावर निळी होडी होती.

डॉक्टरीणबाई बाटली घेऊन बेसिनाकडे वळल्या, आणि लिफ्टवाले उठून त्यांच्या आडवे उभे राहिले.

"ओतू नका. तिनं केलेली आहे. शेवटची आहे."

कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. शिंपीबुवा म्हणाले, आम्ही पहिल्याच घोटाला ओळखली. वहिनी दरवर्षी एकदा ही आणायच्या. दरवर्षी शेवटची यायची. त्या स्वतः सगळ्यात कमी गुण द्यायच्या आणि हसत हसत स्वतःच ओतायच्या.

"मग आणायची कशाला?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"आम्हीपण विचारलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणाली, घरी एक माणूस आहे, तो दरवर्षी छान म्हणतो. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. खरं ऐकायला इथं येते."

लिफ्टवाले पेशंटच्या खुर्चीत बसले.

"तुम्हाला खरंच कळत नव्हतं?" शिंपीबुवांनी हळूच विचारलं.

"पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पेला दिला की ती समोर बसायची. माझ्या तोंडाकडे बघत."

थोरल्या बहिणीला राहवलं नाही. तिनं विचारलं, मग आज पोस्टमास्तरांची वाइन वहिनींची कशी वाटली.

"आठ महिने झाले ना," लिफ्टवाले म्हणाले. "मनातल्या मनात गोड होत गेली असणार."

डॉक्टरीणबाईंनी बाटली त्यांच्या हातात दिली. नियमाप्रमाणे ओतायला तर हवीच, तुम्हीच ओता, एवढंच त्या म्हणाल्या. कशात ओतायची ते बोलल्या नाहीत. लिफ्टवाल्यांनी ती पेल्यात ओतली. बाकीचे पिशव्यांच्या घड्या घालायला लागले, आणि पाच जणांना त्या कामाला बराच वेळ लागला.

लिफ्टवाल्यांनी मोठा घोट घेतला. समोर कुणी बसलेलं नव्हतं. त्यांनी एकतीस वर्षं वाकडं करायचं राहिलेलं तोंड मनसोक्त वाकडं केलं, आणि पेला पुन्हा भरला.