डोक्याच्या जागी पाटी

भरतेश बी.एस्सी.ला फिजिक्समध्ये कॉलेजात पहिला आला होता, हे तो कुणी विचारायच्या आत सांगत असे! सांगलीत त्याचं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचं दुकान होतं, आणि आता त्याचं स्वतःचंच लग्न एका व्हिडिओवर अडकलं होतं.

भाग्यश्रीची नि त्याची पसंती झाली होती. सुपारी तेवढी फुटायची होती. तेवढ्यात तिचे वडील आदगोंडा अण्णा थोरलीच्या लग्नाचं शूटिंग घेऊन दुकानात आले.

"हे नीट करून दे. मग बसू सुपारीला. वरातीत माझ्याबरोबर आमचा मेव्हणा नाचतोय बघ, सन्मती. त्येला काढ."

"मामांना? का हो अण्णा?"

"लग्नातल्या मठ्ठ्यात पानी लय हुतं म्हनून गावभर सांगत सुटलाय!"

"मास्क लावला की गेले मामा."

"मास्क? कोरोना संपला की रं! आनि नुस्तं तोंड झाकून भागायचं न्हाई. अख्खा मानूस जायला पायजे!"

भरतेशने समजावलं. मास्क म्हणजे माणसाभोवती काढलेली रेघ. रेघेच्या आतला माणूस जातो आणि मागची रिकामी भिंत दिसते. माणूस सरकला की रेघही सरकवायची.

मामा शेवग्याच्या शेंगेसारखे उंच नि सडपातळ. अण्णा गुळाच्या ढेपेसारखे. नाचता नाचता दोघं जागा बदलत होते. मामा डावीकडून उजवीकडे, अण्णा उजवीकडून डावीकडे. चार सेकंदांचं दृश्य, पण भरतेश दोन दिवस रेघ सरकवत बसला. मामा असे साफ गेले, की अण्णा हवेबरोबर नाचतायत असं वाटावं!

व्हिडिओ दाखवायच्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन आला. "मी नाचतोय तेवढं सावकाश कर. चार शेकंदात कुनाला काय दिसतंय?"

"करतो की!"

अण्णांचा फोन स्पीकरवर होता. मागून गणितातली पदवीधर भाग्यश्री म्हणाली, "मास्क आधी लावून झालाय ना? मग आता वेग बदलला तर चालेल?"

भरतेश हसला. "क्रमाने काय फरक पडतो! दोन अधिक तीन काय, नि तीन अधिक दोन काय!"

"आधी बूट घालून मग मोजे घालून बघा," ती म्हणाली.

त्याने चार सेकंदांचे बारा केले. पहिली फ्रेम तपासली, मामा नाहीत. शेवटची तपासली, तिथंही नाहीत. दोन टोकं बरोबर म्हणजे मधलं बरोबरच, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून तो पेन ड्राइव्ह घेऊन निघाला.

अण्णांच्या घरी टीव्हीपुढे तीस माणसं बसली होती. वरात आली. अण्णांनी मिशीवर हात फिरवला. आणि हवेतून एक हात बाहेर आला! मग खांदा. मग फेट्यासकट सगळे सन्मतीमामा!

झालं होतं असं, की चित्र सावकाश झालं, पण रेघेला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती आपल्या जुन्याच चालीने चार सेकंदांत उजवीकडे पोचली. अण्णा अजून तिथंच नाचत होते. रेघ त्यांच्यावर जाऊन बसली. ती होती मामांच्या मापाची, त्यामुळे अण्णांचा फक्त मधला पट्टा गेला. डोकं, मिशी, पोट, सगळं! उरले दोन बाजूंना दोन हात, तेही जोरात नाचणारे. आणि डोक्याच्या जागी मागच्या भिंतीवरची पाटी, 'येथे थुंकू नये'.

"अगंबाई, अण्णांचं डोकं कुठाय?" कुणीतरी ओरडलं.

अण्णा भरतेशकडे वळले. "आरं, त्येला काढ म्हनलो हुतो, मला न्हवं!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, की शेजारी बायको बसलीय.

शालनकाकींनी पदर खोचला. "माझ्या भावाला काढाय निघाला हुता व्हय? बघा आता सगळ्यांनी, कुनाचं डोकं ठिकानावर न्हाई ते!"

घर हसून लोळलं. भरतेशला आपली सुपारी फ्रेममधून बाहेर जाताना स्पष्ट दिसली.

"उद्याच्या उद्या माझा दादा यात पायजे," काकींनी बजावलं.

त्याला दोन मिनिटं लागली. मास्क काढून टाकला, झालं! दोन दिवसांच्या कामापेक्षा हे काम सरस झालं. मामांना बोलावणं गेलं. त्यांनी वरात तीनदा पाहिली, मठ्ठा दोन ग्लास प्यायले आणि पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

चौथ्या दिवशी अण्णांचा फोन आला. "रविवारी सुपारी फोडू. तुजी हरकत न्हाई न्हवं?"

"छे छे, अण्णा!"

"आनि लग्नाचा व्हिडिओ मलकापूरचा सिद्धू करनार. कालच त्येला पक्का केला."

"काल? म्हणजे नवरदेवाच्या आधी व्हिडिओवाला ठरला?"

"मग?" अण्णा म्हणाले. "क्रमानं काय फरक पडतोय रं?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. फोन स्पीकरवरच होता.