चामराजपेटच्या मादामअक्का

बेंगळुरूच्या चामराजपेटात आमच्या गल्लीत भांडण सुरू झालं, की मादामअक्का चटई घेऊन येत. भांडणापासून थोड्या अंतरावर ती अंथरत, मांडी घालून बसत आणि दोन्ही बाजूंचं मन लावून ऐकत. एखादा भांडणारा दम खायला थांबला, की विचारत, "मग?"

त्या "मग?"मध्ये इतकी खरी उत्सुकता असे, की समोरचा गडबडून जाई. एकदा नळावर दोन बायकांची जुंपली होती. यांचं "मग?" ऐकून दोघी यांनाच सगळं समजावायला लागल्या, आणि समजावता समजावता एकमेकींना मदत करू लागल्या. "नाही गं, ते मी नंतर म्हणाले, आधी तू बादली ढकललीस." "हो, हो, आधी बादली." होता होता दोघी हसायला लागल्या. मादाम मात्र चटई गुंडाळताना नाराज दिसल्या. "इतक्यात संपलं?" म्हणाल्या.

मादामअक्का फ्रेंच होत्या. पूर्ण नाव क्लेमांस वोत्रेल. कादंबऱ्या लिहायच्या, आणि पहिल्याच कादंबरीला त्यांच्या देशातलं एक मोठं बक्षीस मिळालं होतं. हे चामराजपेटात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला विशेष काही वाटत नव्हतं. कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगे, "त्या लिहितात," आणि ज्या सुरात सांगे, त्या सुरात आपण "त्यांना दमा आहे" असं म्हणतो.

मी पुण्याहून बेंगळुरूला आलो तो पन्नासच्या दशकात, सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून. नवीन लग्न झालेलं. तुळसाअक्कांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. तुळसाअक्कांचं घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी होतं. त्या विधवा होत्या आणि त्यांचा मुलगा केशवअण्णा कोर्टात नोकरीला होता. मागच्या अंगणात विहीर, आणि विहिरीपलीकडे एका खोलीत या मादाम.

पहिल्याच सकाळी माझी बायको सुमन घाबरून आत आली. "अहो, मागं कुणीतरी भांडतंय. दोन बायका आहेत, पण दिसते एकच." मी जाऊन पाहिलं. मादाम विहिरीभोवती फेऱ्या मारत होत्या. एक वाक्य जाड आवाजात, पुढचं बारीक आवाजात, सगळं फ्रेंचमध्ये. तुळसाअक्का तुळशीला पाणी घालत शांतपणे म्हणाल्या, "तिच्या पुस्तकातली माणसं आहेत. दुपारपर्यंत मिटतं."

मी पुढं झालो आणि माझ्या पुणेरी मराठीत नम्रपणे म्हणालो, "नमस्कार. आपल्या कार्यात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व."

मादाम थांबल्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "असं कोण बोलतं रे?"

त्यांचं मराठी तुळसाअक्कांकडून आलेलं होतं. त्यामुळे त्या सगळ्या जगाला 'तू' म्हणत, पोस्टमनलाही आणि मला भेटायला आलेल्या माझ्या साहेबांनाही. थोडं थांब म्हणायला "स्वल्प थांब," बरं बरं म्हणायला "सरी, सरी," आणि वर "अय्यो" हे सगळं त्या एखाद्या चामराजपेटच्या आजीसारखं बोलत. फक्त नामांची लिंगं त्यांनी स्वतःच्या देशातून आणली होती. "ही घर चांगली आहे." "आज चंद्र किती मोठी आली!" मी एकदा दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाल्या, "आमच्याकडं चंद्र बाई आहे." तुळसाअक्कांनी लगेच दुजोरा दिला. "असेल रे. तिच्या गावाकडं असेल." नपुंसकलिंगावर मात्र त्यांचा राग होता. "'ते मूल' म्हणता? मूल म्हणजे काय भांडं आहे?"

त्यांचे यजमान धातुशास्त्रज्ञ होते. दोन वर्षं शिकवायला म्हणून बेंगळुरूला आले होते. ते परत निघाले तेव्हा या म्हणाल्या, "पुस्तक अर्ध्यावर आलंय, संपलं की येते." पुस्तक संपलं, तोवर दुसरं सुरू झालं होतं. पुढं यजमानांनी वाट पाहणं सोडलं. सुमननं एकदा भीतभीत विषय काढला, तर मादाम अगदी सहज म्हणाल्या, "माणूस चांगला होता. पण त्याला काही सांग म्हटलं, की तो कारण सांगायचा. काय झालं ते सांगायचा नाही."

हा आरोप माझ्यावरही रोज होई. बस चुकली म्हणून उशीर झाला असं म्हणालो, की यांचं सुरू. "कारण नको. काय झालं ते सांग. बसमध्ये कोण होतं? तू धावलास का? कुणी हसलं का?" हळूहळू माझी अशी अवस्था झाली, की बस चुकली तरी मी चेहरे पाहून ठेवू लागलो. घरी जाऊन हिशोब द्यायचा होता.

त्यांच्या प्रकाशकाला त्यांच्याकडून वाघ, हत्ती आणि महाराजे हवे असत. या भारतात बसून लिहीत होत्या ते फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका ओल्या, करड्या गावाबद्दल. एकदा पॅरिसहून एक तरुण वार्ताहर कॅमेरा घेऊन आला. त्याला मादाम सापडल्या गच्चीवर, तुळसाअक्कांच्या सांडग्यांची राखण करत, हातात काठी. बराच वेळ त्यानं इकडंतिकडं हत्ती शोधला आणि मग काहीतरी विचारलं. तो गेल्यावर आम्ही मादामना विचारलं, काय म्हणत होता?

"विचारत होता, इथं तुम्हाला प्रेरणा कुणाकडून मिळते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"कावळ्यांकडून. त्यानं लिहून घेतलं रे!"

दुपारी जेवणं झाली, की तुळसाअक्का स्वयंपाकघरात उंबऱ्याच्या आत बसत आणि मादाम बाहेर. सोवळ्याची ही सीमा दोघींनी कधी ओलांडली नाही आणि त्याबद्दल कधी बोलल्याही नाहीत. अक्का तांदूळ निवडत आणि सांगत. सासूचं, दिराचं, प्लेगच्या साथीत गाव सोडल्याचं, सगळं. मादाम ऐकत. पुन्हा पुन्हा तेच असलं, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत.

अशी काही वर्षं गेली. साठचं दशक उजाडलं. आणि एके दिवशी सकाळी इंग्रजी पेपरात दोनच ओळींची बातमी आली. बेंगळुरूत राहणाऱ्या फ्रेंच लेखिकेच्या नव्या कादंबरीला पॅरिसमध्ये पुरस्कार. आणि पुढं, कादंबरी बेंगळुरूतल्या एका घरावर आधारित.

मग काय विचारता! केशवअण्णांनी त्या दिवशी रजा टाकली. हार आणला, मैसूरपाक आणला, गल्लीभर स्वतः वाटला. "आमच्या घरावर आहे बरं का. आमचंच घर." मादाम हार घालून विहिरीपाशी बसल्या होत्या आणि जरा अस्वस्थ दिसत होत्या. मला वाटलं, फुलांची ॲलर्जी असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केशवअण्णा कोर्टातून परतले ते काळवंडलेल्या चेहऱ्यानं. तिथं त्यांना फ्रेंच शिकवणारे एक प्राध्यापक भेटले होते. त्यांनी कादंबरी वाचली होती. कादंबरीत घर होतं, आई होती, मुलगा होता. "आणि एक मुलगी आहे म्हणे," केशवअण्णा मला म्हणाले. "तापानं फणफणलेली. सात वर्षांची. शारदी आहे ती. माझी बहीण. मी तीन वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. या घरात तिचं नाव कुणी काढत नाही. आईसमोर तर नाहीच. आणि हिनं ते बाजारात मांडलं!"

"अहो, पण..."

"महिनाअखेर खोली खाली करायला सांगा. मला तिच्याशी बोलवणार नाही."

मी मागं गेलो. सांगण्याची गरजच नव्हती. अंगणातून सगळं ऐकू गेलं होतं. मादाम खाटेवर बसून टाइपरायटरला झाकण लावत होत्या.

"तू काही बोलू नको," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे हे कसं होतं."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं काही सांगितलं. त्यांची आई उत्तरेकडच्या त्या गावात बायकांच्या टोप्या शिवायची. वडील लहानपणीच गेले. आई कष्टाळू, कडक. लेकीला कधी जवळ घेतलं नाही. पहिल्या कादंबरीत टोप्या शिवणारी एक बाई होती, जी जगातल्या सगळ्या डोक्यांची मापं घ्यायची, आणि स्वतःच्या मुलीच्या डोक्यावरून कधी हात फिरवायची नाही. कादंबरी गाजली. पेपरात दुकानाचा फोटो आला.

"बक्षीस मिळालं त्या दिवशी मी आईला फोन केला," मादाम म्हणाल्या. "मी म्हटलं, आई, मी क्लेमांस. ती म्हणाली, राँग नंबर. आणि फोन ठेवला."

मी उंबऱ्यावर बसलो.

"ती गेली, ते मला शेजाऱ्यांनी कळवलं. पुरून झाल्यावर. मी इकडं आले, ती तिच्या गावापासून लांब जायला. आणि बघ, इथं अजून एक आई होती, तिनं विश्वासानं मला शारदीचं सांगितलं, आणि मी परत तेच केलं. मी जाते रे. अक्काच्या तोंडून मला राँग नंबर ऐकायचं नाही."

सुमन माझ्या मागं येऊन कधी उभी राहिली होती, ते मला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "पण अक्कांनी पुस्तक वाचलंय कुठं? केशवअण्णांनीही नाही. प्राध्यापकांनी सांगितलेलं ऐकण्यापेक्षा तुम्हीच का सांगत नाही त्यांना?"

रविवारी दुपारी आम्ही सगळे मागच्या पडवीत जमलो. तुळसाअक्का उंबऱ्याच्या आत, सूप पुढ्यात. केशवअण्णा खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे. मादाम जमिनीवर बसल्या आणि त्यांनी आपली बक्षीस मिळालेली कादंबरी चामराजपेटच्या मराठीत सांगायला सुरुवात केली.

घर आलं, विहीर आली, कोर्टात जाणारा मुलगा आला. तो कुणालाही आपल्या रेडिओला हात लावू देत नाही, असं आलं तेव्हा केशवअण्णा उसळले. "खोटं! कधी लावू दिला नाही मी?"

"कधी लावू दिलास?" तुळसाअक्का आतून म्हणाल्या. "तू पुढं सांग गं."

मादाम सांगत राहिल्या. मग त्या अडखळल्या. "एक मुलगी आहे. तिचं नाव पुस्तकात वेगळं आहे."

"असू दे," अक्का सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

"सात वर्षांची होते. तिला ताप येतो. तसाच." "वैद्य येतात. घरातली सगळी बसून असतात. आणि पहाटे... पहाटे ताप उतरतो."

तांदळातला हात थांबला. "उतरतो?"

"उतरतो, अक्का. तिला घाम येतो आणि ती पेज मागते."

केशवअण्णा हळूच खाली पायरीवर बसले.

"पुढं?" अक्का म्हणाल्या.

"मोठी होते. हट्टी आहे. तुझ्याशी फार भांडते. मग तिचं लग्न होतं."

"कुठं दिली?"

"म्हैसूरला."

"म्हैसूर." अक्कांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "जवळच की. सकाळच्या गाडीनं निघालं तर जेवायला घरी. जावई काय करतो?"

"शाळेत मास्तर आहे."

"अय्यो! मास्तर?" तुळसाअक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "आमच्या शारदीला मास्तर कशाला? इंजिनियर नव्हता मिळत?" आणि माझ्याकडं बोट दाखवून, "हा बघ. असा एखादा."

"अक्का, पुस्तक छापून झालं गं."

"फ्रेंचात झालं असेल. मराठीत कुठं झालंय?"

मादाम त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी. इंजिनियर."

केशवअण्णा दुसरीकडं बघत होते. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "आणि... माझ्याशी कशी वागते ती?"

"तुला न विचारता रेडिओ लावते," मादाम म्हणाल्या.

केशवअण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते आत निघून गेले. खोली खाली करण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बक्षीस घ्यायला मादाम पॅरिसला गेल्या नाहीत. त्यांच्या जागी प्रकाशकच उभा राहिला. पुढं त्यांनी आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचं नाव झालं, प्रबंध लिहायला मुली येऊ लागल्या. त्या मुलींना मादाम एवढंच विचारत, "प्रवासात काय झालं?" पण ती एक कादंबरी मराठीत कधी संपलीच नाही. रजेच्या दिवशी दुपारी घरी असलो, की मला पडवीतून दोघींचं बोलणं ऐकू येई. म्हैसूरला पाऊस आहे का, शारदीच्या धाकट्याचा गोवर गेला का, सासूचं कसं आहे.

आमची भोपाळला बदली झाली त्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद तोंडावर आला होता. सामान बांधता बांधता मी दोरी मागायला मागं गेलो आणि दाराशीच थबकलो.

"या वेळी गौरीला यायला सांग तिला," तुळसाअक्का उंबऱ्याआडून सांगत होत्या. "मागल्या वर्षीही आली नाही."

"सांगते, अक्का."

"आणि तू पण त्या दिवशी कुठं जाऊ नको हं. आंघोळ करून लवकर ये. मी तुझंही लुगडं आणायला सांगितलंय केशवाला. माहेरवाशिणी दोघी असल्या, की घर कसं भरल्यासारखं वाटतं."

मादामअक्का उठून विहिरीपाशी गेल्या, पाणी काढलं, आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. मी दोरी न घेताच परत फिरलो.