डिकीतला दिवा

गाडीचं दुखणं आपण स्वतः शोधायचं, असं मी एका सोमवारी जेवताना ठरवलं. हात धुवून झाल्यावर ठरवलं असतं तर कदाचित वेगळं ठरलं असतं.

गाडी सासरेबुवांची, सत्तावीस वर्षांची. चार महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले, ते दोन बॅगा आणि ही गाडी घेऊन. बॅगांचा कधी त्रास झाला नाही. गाडी मात्र दर दोन-तीन दिवसांनी चावी फिरवली की नुसतं टक् करायची आणि गप्प बसायची. सासरेबुवाही सासूबाई गेल्यापासून दिवसाला चार-पाच शब्दांवर आले होते. घरात एकाच वेळी दोन मुकी माणसं असल्यासारखं वाटे.

"पुढच्या सोमवारी भंगारवाला येतोय," बायको म्हणाली. "परवा बाबांना दवाखान्यात न्यायचं तर गाडीला धक्का मारायला माणसं गोळा करावी लागली. आणि धक्का मारणाऱ्यांत बाबाच पुढे."

"त्यांना विचारलंस?"

"तुमची मर्जी, म्हणाले. आणि ताट अर्धं टाकून उठले."

मला त्या अर्ध्या ताटाचं वाईट वाटलं. (गाडीतलं मला काही कळत नाही, पण वाईट वाटायला ते लागत नाही.)

नाक्यावरच्या मेकॅनिकनं गाडी आधीच तपासली होती. "बॅटरी नवी आहे," तो म्हणाला होता. "इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट येतायत, म्हणजे अल्टरनेटर नीट चार्ज करतोय. गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. ते सापडलं तर ठीक, नाहीतर दर महिन्याला नवी बॅटरी घाला."

मी एक मीटर विकत आणला. सकाळी ऑफिसला जाताना बॉनेट उघडायचं, तांबडी वायर अधिकला, काळी उण्याला, आकडा वहीत. संध्याकाळी परत तेच. चार दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. रात्री काहीच होत नव्हतं. सकाळचा आकडा संध्याकाळपर्यंत दर वेळी खाली आलेला असे. म्हणजे बॅटरी दिवसा उतरते. दिवसा काय असतं? ऊन असतं. बॅटरीला ऊन लागतं, असा निष्कर्ष काढून मी गाडीवर आमची डबल बेडची चादर पांघरली. संध्याकाळी ती चादर व्यवस्थित घडी घालून मागच्या सीटवर ठेवलेली सापडायची. बायकोनं आवरली असेल, असं मी धरून चाललो.

मेकॅनिकनं वही पाहिली आणि मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "डिकीतला दिवा बघा. झाकण लावल्यावर तो विझत नसेल तर दिवसरात्र बॅटरी खातो."

"झाकण लावल्यावर विझतो की नाही ते बघायचं कसं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

रविवारी दुपारी बायकोला खाली घेऊन आलो, मीटर हातात धरून डिकीत शिरलो, गुडघे हनुवटीला लावले आणि म्हणालो, "लाव." तिनं झाकण लावलं. दिवा विझला. दिवा निर्दोष होता.

"उघड," मी आतून म्हणालो.

"चावी?"

चावी माझ्या खिशात होती. दुसरी चावी सामान हलवताना हरवली, असं आम्ही सगळे समजत होतो. आतून डिकी उघडायची सोय त्या काळच्या गाड्यांना नसे. बायकोनं झाकणावर एकदा टकटक केली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत, मला त्या टकटकीचा अर्थ कळतो. मग "मेकॅनिकला घेऊन येते" एवढं म्हणून ती गेली.

पाचेक मिनिटांनी पुढचं दार उघडलं. कुणीतरी सावकाश बसलं. चावी लागल्याचा, ती अर्धी फिरल्याचा आवाज आला आणि गाडीतला पंखा घरघर करत सुरू झाला. मी ओरडणार होतो, तेवढ्यात सासरेबुवा बोलायला लागले.

"पंखा लावलाय गं," ते म्हणाले. "तुला बंद गाडीत गुदमरतं, माहीत आहे मला. जरा चादर आवरली आधी. हे रोज घालतात."

मग ते सासूबाईंना सगळं सांगत राहिले. औषधाची नवी गोळी कडू आहे. मुलगी बारीक झाली आहे. उद्या गाडी नेणार आहेत. "मी नको म्हटलं नाही. त्यांच्या घरात राहतो, काय म्हणणार? पण मग तुझ्याशी बोलायचं कुठे, तेवढं मला सुचत नाही."

मी अंधारात तोंडावर हात दाबून पडून होतो. मला रडू आलं, आणि डिकीत रडायला जागाही पुरत नव्हती.

"जावईबापू चांगले आहेत," ते शेवटी म्हणाले. "हुशार आहेत. असा जावई नशिबानं मिळतो."

पंखा बंद झाला, दार लागलं, पावलं दूर गेली. मेकॅनिकनं मागची सीट काढून मला ओढून बाहेर काढलं तेव्हा बायकोनं विचारलं, "सापडलं?"

"सापडलं," मी म्हणालो. "डिकीतला दिवाच." आणि त्या निरपराध दिव्याचा बल्ब मी सगळ्यांसमोर काढून फेकला.

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. चार्जर आणला आणि रोज संध्याकाळी खिडकीतून वायर टाकून बॅटरीला लावू लागलो. "बल्ब काढलास ना, मग हे कशाला?" बायकोनं विचारलं. जुनं दुखणं आहे, जायला वेळ लागतो, असं मी सांगितलं. पुढचा आठवडाभर मी ताठ मानेनं फिरत होतो. एवढं मोठं गुपित पोटात ठेवलेलं, आणि वर 'हुशार आहेत, असा जावई नशिबानं मिळतो' हे वाक्य. दाढी करतानाही ते आठवायचं.

रविवारी स्टेपनीची हवा बघायला डिकी उघडली, तर आत एक उशी. सासरेबुवा मागेच उभे होते.

"पुढच्या वेळी मान अवघडायला नको," ते म्हणाले.

माझी मान तिथल्या तिथे अवघडली. "तुम्हाला माहीत होतं?"

"सत्तावीस वर्षं चालवली गाडी. मागं ओझं असलं की बसताक्षणी कळतं. तुमच्याएवढं असलं तर जास्तच."

"मग... ते माझ्याबद्दल म्हणालात ते?"

त्यांनी उशी झटकून नीट ठेवली आणि चावी घेऊन पुढच्या दाराकडे वळले.

"तुम्ही ऐकत होतात म्हणून म्हटलं," ते म्हणाले. "एरवी मी तिच्याशी खोटं बोलत नाही."