यल्लाप्पाण्णांची छत्री

गळ टाकायच्या आधी माशांना ओरडून सांगणारा माणूस तुम्ही बघितलाय? मी बघितलाय. तीस वर्षं, दर रविवारी. सदलग्याच्या बाहेर दूधगंगेच्या काठाला एक जुनी खण आहे. वीटभट्टीवाल्यांनी माती काढून काढून केलेली. पूर आला की नदी तिच्यात शिरते आणि ओसरताना पाणी, मासे मागं ठेवून जाते. तिच्या काठावर उभं राहून आमचे यल्लाप्पाण्णा दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि खच्चून ओरडतात, "आलोय रं! गळ टाकतोय! ज्येला यायाचं न्हाय त्येनं बाजूला व्हा!" मग दम घेऊन तेच परत कानडीत, "बंदीनि नोडरप्पा!"

"अण्णा, दोन्ही भाषेत कशाला?" मी एकदा विचारलं.

"आप्पा, पाणी म्हाराष्ट्रातनं आलंय, खण कर्नाटकात हाय. मासा कुठला, कुणाला ठावं? मागनं म्हणाय नको, आमाला कळलं न्हाय म्हणून."

एवढा पुकारा झाल्यावर कुठला मासा थांबतोय! तीन रविवारांतले दोन रविवार अण्णा रिकाम्या हातानं घरी. पण चेहरा असा, की जसं काय पोतं भरून आणलंय.

आता तुम्ही म्हणाल, तू तिथं काय करतोस? हाच प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी मला हजार वेळा विचारलाय. आम्ही जैन. आमच्यात पाणीसुद्धा गाळून पितात, आणि दिवस मावळायच्या आत ताट वाढलं नाही तर घरात भांडण होतं. मी घरात सांगतो, फिरायला जातो. खोटं नाही, जातो तो चालतच. तिथं पोचलो की पाण्याकडं पाठ करून बसतो, उसाच्या फडाकडं तोंड करून. अण्णांची काठी वाकली की मी ऊस बघतो. मासा निघाला की अण्णा म्हणतात, "झालं आप्पा, पिशवीत घाटला," मग मी वळतो आणि थर्मासमधला चहा ओततो. असं तीस वर्षं चाललंय.

आमची ओळख साखर कारखान्यातली. मी टाइम ऑफिसात क्लार्क, ते मिलवर फिटर. त्यांचा एक शब्द सगळ्या कारखान्याला पाठ होता: "बरोबरीत पायजे." पंगतीत शेजाऱ्यानं दोन जिलब्या घेतल्या की हेही दोनच घेणार. त्यांनी मोपेड घेतली तेव्हा माझी अजून सायकलच होती. तर हा गडी रोज सकाळी माझ्या शेजारनं, सायकलच्या चालीनं, फटफट करत मोपेड चालवत यायचा. मागनं ट्रॅक्टरवाले शिव्या घालायचे. मी म्हणायचो, "अण्णा, जावा की ओ पुढं!" तर म्हणायचे, "छ्या! बरोबरीत पायजे."

माशांच्या बाबतीतही तेच. एक काठी, एक गळ, जोंधळ्याच्या ताटाचा तरंगा. "मी त्येला बगत न्हाय, त्यो मला बगत न्हाय. त्येला भूक लागली तर ईल, न्हाय लागली तर जाईल. त्येला न्हाय म्हणाय याय पायजे, आप्पा. न्हायतर खेळ कसला?"

आणि एक छत्री. काळी, लाकडी मुठीची, बायकी वाटावी इतकी लहान. ती दर रविवारी बरोबर असायची, पण उघडलेली मी कधी बघितली नव्हती. ऊन असलं तर टॉवेल डोक्याला गुंडाळणार. पाऊस आला तर छत्री शर्टाच्या आत घालणार, छत्री भिजू नये म्हणून! मी लई चेष्टा केली. ते नुसतं हसायचे.

कारखान्यातली अजून एक गोष्ट सांगून टाकतो, पुढं लागणार आहे. एका पावसाळ्यात, मिल खोलून दुरुस्तीचं काम ऐन भरात असताना, अण्णांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पंधरा दिवस. कारण लिहिलेलं: "घरी लहान मुले आहेत. बघायला कोणी नाही." मी दोनदा वाचला. अण्णांना आणि पारूवैनींना मूलबाळ नव्हतं. डॉक्टर झाले, देवरुशी झाले, मिरजेला जाऊन झालं, सगळ्या कारखान्याला माहीत होतं. साहेबांनी चष्म्यावरनं बघत विचारलं, "याला मुलं कधी झाली?" मी पटकन सांगितलं, "भावाची असतील, साहेब." रजा मंजूर झाली. अण्णांना मात्र मी कधी विचारलं नाही. असलं कसं विचारायचं माणसाला?

पारूवैनींना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यानंतर अण्णांचं ओरडणं तेवढं राहिलं, बाकी बोलणं कमी झालं.

तर दहा-बारा दिवसांमागची गोष्ट. गणपती होऊन गेलते, खणीतलं पाणी निवळलं होतं. आम्ही बसलोय, तेवढ्यात बेळगावची एक जीप येऊन थांबली. आतनं एक दातांचे डॉक्टर उतरले, घडीची खुर्ची, चार काठ्या, डोक्याला टोपी. बरोबर निपाणीचा प्रशांत, लग्नाचं शूटिंग करणारा. त्यानं पेटीतनं ड्रोन काढला आणि घर्रर्र करून वर सोडला.

अण्णांनी मान वर केली. "कुणाचं लगीन हाय रं?"

"लगीन न्हाय, अण्णा," प्रशांत म्हणाला. "डॉक्टरांस्नी मासं दावायचं हायत."

डॉक्टर माणूस चांगला होता, उगाच कशाला वाईट म्हणू. म्हणाले, "आजोबा, आम्ही खात नाही. धरतो, फोटो काढतो, परत सोडतो. वरनं मासा दिसला की वेळ वाचतो, बस."

मी म्हटलं, बघा! माझ्या धर्मानं बघितलं तर हा डॉक्टर अण्णांपेक्षा बरा. खात नाही, मारत नाही. अण्णा तर घरी नेऊन तळून खातात. मी तसं बोललो पण. अण्णा एवढंच म्हणाले, "कुणाच्या परसात असं वरनं बगू ने, आप्पा."

"अहो, तुम्ही गळानं धरता, ते ड्रोननं हुडकून धरतात. शेवटी धरायचंच आहे ना? फरक काय?"

"हाय."

"काय हाय?"

तेवढ्यात प्रशांत ओरडला, "डॉक्टर, ह्ये बगा! मरळीची पोरं!" डॉक्टर त्याच्या हातातल्या पडद्यावर वाकले. मीही पहिल्यांदाच पाण्याकडं तोंड करून वाकलो. वरनं खण दिसत होती आणि मधोमध पाण्यावर एक तांबूस डाग हलत होता, कुंकू सांडल्यागत. बारीक बारीक शेकडो पिल्लं, एकमेकांना चिकटून. अधनंमधनं त्यांच्याखालनं एक काळी, हातभर लांब सावली फिरून जायची.

"खाली आई आहे," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "आता बघा, पोरांच्या मधे काहीही टाका, ती हल्ला करतेच. शंभर टक्के." आणि काठी उचलली.

अण्णा उठले. मला वाटलं, चिडून घरी निघाले. तर कसलं काय! हा बहात्तर वर्षांचा माणूस, पँट-शर्टासकट, चपला काठावर काढून, पाण्यात! गुडघा, मांडी, कंबर. मी ओरडतोय, "अण्णा! अहो, वेड लागलं काय!" ते छातीएवढ्या पाण्यात त्या तांबूस डागापाशी पोचले आणि त्यांनी छत्री उघडली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि ती स्वतःच्या डोक्यावर नाही, पोरांवर धरली.

"टाक आता!" अण्णा ओरडले. "टाक की गळ! माज्यावर टाक!"

डॉक्टरांचा हात तसाच वर राहिला.

"आजोबा, बाहेर या. मी सोडून देणार आहे तिला, खरंच."

"सोडशील रं! पाच मिंटं धरशील, फोटू काडशील, सोडशील. त्या पाच मिंटांत काय हुतंय ठावं हाय? त्यो बग तारंवर खंड्या बसलाय. त्यो बग बांदावर बगळा. ती कुणाची वाट बगत्यात?" अण्णांनी छत्री अजून खाली घेतली. "माज्या गळाला मासा भुकेनं येतो. त्येला न्हाय म्हणाय येतंय. ही भुकेनं न्हाय येत! पोरांवर कोण आलं म्हणून येती. हिला न्हाय म्हणाय येत न्हाय. आईच्या मायेला गळ लावायचा व्हय रं?"

प्रशांतनं ड्रोन खाली घेतला. डॉक्टरांनी काठ्या गुंडाळल्या, खुर्ची मिटली. जाताना काठावर थांबून ते "सॉरी" म्हणाले, पण अण्णांना ऐकू गेलं का नाही कुणास ठाऊक.

अण्णांना काठावर ओढायला मलाच पाण्यात जावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खणीत उतरलो. टॉवेल दिला, चहा दिला. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. मी रागानंच म्हटलं, "तुम्ही काय कमी मरळी खाल्ल्या? आजच कुठनं दया आली?"

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "मी धरलती आप्पा, अशीच. पोरांवरची."

आणि मग सांगितलं. मी बरोबर यायला लागायच्या आदल्या पावसाळ्यात, याच खणीत. तांबडी पोरं दिसली, मुद्दाम मधे गळ टाकला, हातभर मरळ मिळाली. मिरवत घरी नेली. पारूवैनी विळीवर बसल्या, पहिला काप घातला आणि विचारलं, "कुठं गावली एवडी?" यांनी फुशारकीनं सगळं सांगितलं. वैनींचा हात थांबला.

"मला म्हणाली, आनि पोरं?" अण्णा म्हणाले. "एवडंच. आनि पोरं? मासा तसाच ठेवला, खुंटीवरची छत्री घेतली, आनि चालाय लागली. मी मागं मागं. हितं येऊन बगतोय तर निम्मी पोरं बगळ्यानं खाल्लेली. जोडीतली दुसरी मरळबी कुठं दिसंना. पारू पाण्यात उतरली, छत्री उगडून हुबी ऱ्हायली. दिस मावळूस्तवर. दुसऱ्या दिशी परत. मग मी रजा टाकली."

मला तो अर्ज डोळ्यांपुढं दिसला. निळी शाई. घरी लहान मुले आहेत.

"पंदरा दिस, आप्पा. पाळी लावलती आमी. तिनं सकाळी, मी दुपारी. भाकरी हितंच. सगळ्यांस्नी एकच नाव ठेवलं तिनं, बाळू. बाळू, हिकडं ये, बाळू, तिकडं जाऊ नको. मी हसायचो तिला. मग मीबी तसंच हाळी माराय लागलो. एक दिस सकाळी आलो, तर न्हाईत. काळी पडली आनि आपापल्या वाटंनं गेली. मला वाटलं, आता ही रडती. तर म्हणाली, मोटी झाली ओ." अण्णांनी कप खाली ठेवला. "तेवडं पंदरा दिस आमच्यात पोरं हुती."

मी तीस वर्षं या माणसाच्या शेजारी पाठ करून बसलोय. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय?

तेव्हापासून आम्ही रोज जातो. सकाळी मी, दुपारी अण्णा. मी पाण्याकडं तोंड करून बसतो आणि खंड्या दिसला की छत्री हलवतो. मरळ राखतेच आहे, पण तिला एक जोड असलेली बरी. परवा पाळी बदलायच्या वेळेला प्रशांत एकटाच आला, ड्रोन घेऊन, लांबच उभा राहिला. अण्णांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलंच नाही. मग खाकरून म्हणाले, "सोड ते वर. किती ऱ्हायल्यात बगू."

"आणि परसातलं वरनं बघू नये ते?" मी टोकलं.

"धराय बगू ने," अण्णा म्हणाले. "राखाय बगितलं तर चालतंय." आणि पडद्यात डोकं घालून, बोट लावून लावून, "बाळू... ह्यो बाळू... ह्योबी बाळू..."

घरी सून चौकशी करायला लागली आहे. आज सकाळी मी चपला घालत होतो, तर म्हणाली, "मामा, रोज उठून कुठं जाताय ओ?"

"लहान पोरं हायत," मी म्हटलं. "बगायला कोण न्हाय."

"कुणाची?"

"आमची," म्हटलं, आणि छत्री घेऊन निघालो.