कॉफी ताजी ठेवण्याबाबत

त्या वर्षांत जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, पावसाला ताळतंत्र नव्हतं, आणि कापसाचं नेमकं काय बिघडलं हे शोधायला येणाऱ्या अभ्यासगटांना मात्र खंड नव्हता. नेर रस्त्यावरच्या कापूस खरेदी केंद्राचा प्रमुख या नात्याने मी कित्येक अभ्यासगटांना चहा पाजला. कोणी तक्रार केली नाही. मग मुंबईहून अशाच एका अभ्यासगटाच्या अध्यक्षांच्या स्वीय सहायकाचा फोन आला.

"साहेब फक्त एस्प्रेसो घेतात, तीही समोर दळलेल्या बियांची. कॉफीचं यंत्र ते सोबत आणतात, बिया आम्ही आधी पाठवतो. त्या ताज्या ठेवा आणि दळायचं यंत्र तेवढं घेऊन ठेवा. घरगुती चालेल. कॉफी शिळी लागली की साहेबांचं एकूण ग्रामीण भागाबद्दलच मत बिघडतं."

ग्रामीण भागाची अब्रू अशी अचानक माझ्या हाती आली. मी तडकाफडकी दळणयंत्र निवड समिती नेमली.

समितीवर जाणकार माणूस हवा. केंद्रात जाणकार एकच, आमचा ग्रेडर नंदकिशोर. गाडीतल्या कापसात तो कोपरापर्यंत हात घालतो, चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो आणि डोळे मिटून प्रत सांगतो. तो समितीवर आला, म्हणून प्रतवारी थांबली. प्रतवारी थांबली, म्हणून खरेदी थांबली. हे ओघानेच आलं.

रांगेतली पहिली बैलगाडी उकंडाची होती. शेडखाली उभी, वर ताडपत्री, आत त्याचा वर्षाचा सगळा कापूस, खडखडीत वाळलेला.

"साहेब, आभाळ भरून येऊन राह्यलं," तो म्हणाला. "माहा कापूस आजच मापून घ्या न. भिजला तं कोणी इचारणार नाही त्याले."

"उकंडा, तुझ्याच प्रश्नावर आत बैठक चालू आहे," मी म्हणालो. आणि खरंच चालू होती.

नागपूरच्या दुकानदाराने तीन नमुने पाठवले होते. एक पात्याचं, एक सपाट चकत्यांचं आणि एक शंकूसारख्या दात्यांचं. पात्याच्या यंत्राने अर्ध्या बियांचं पीठ केलं आणि अर्ध्या तशाच सोडल्या. नंदकिशोरने ते दळण अंगठ्यांत धरलं, ओढलं, डोळे मिटले.

"साहेब, याले धागाच नाही."

"ही कॉफी आहे, नंदकिशोर."

"मंग आखूड धाग्यात टाका."

त्याचं मत इतिवृत्तात घेतलं. घरी माझी बायको पद्मजा म्हणाली, "अहो, आपल्या मिक्सरमधून काढा की!" तिला समितीवर घेतलं नाही हे किती बरं झालं! नाहीतर विषय पहिल्याच बैठकीत संपला असता.

इकडे बिया आल्या. पिशवी मोठी देखणी होती, पण तिला वरच्या बाजूला भोक! सीलबंद मालाला भोक असेल तर तो स्वीकारता येत नाही, आणि अध्यक्षांचा माल परतही पाठवता येत नाही. मी मधला मार्ग काढला. शिपाई मारोतीकडून भोकावर लाख ओतून घेतली आणि वर केंद्राचा शिक्का मारला.

सकाळी पिशवी टम्म फुगलेली. ताज्या भाजलेल्या बिया वायू सोडतात आणि भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, ही माहिती आम्हाला नंतर मिळाली. त्या घडीला एवढंच दिसत होतं, की बाहेरून आलेली एक पिशवी शासकीय आवारात फुगते आहे. मी आपत्ती व्यवस्थापन लागू केलं. शेड रिकामी करून सगळ्या गाड्या उघड्या मैदानात काढल्या आणि पिशवी शेडच्या मधोमध खुर्चीवर ठेवली.

"एका पिशवीपाई आमाले बाहेर काढून राह्यले का साहेब?" उकंडाने विचारलं.

"तुमच्या जिवासाठीच," मी म्हणालो.

दुपारी पिशवी फट् करून फुटली. जीवितहानी नाही. शेडभर काय सुरेख वास सुटला! पण बिया उघड्या पडल्या. फोन लावला. स्वीय सहायक कडाडले, "हवा, ओल, ऊन, उजेड, काही म्हणजे काही लागू देऊ नका!"

म्हणून शेड कॉफीसाठीच राखून ठेवली आणि गाड्या मैदानातच राहू दिल्या. हवेसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणला. ओलीसाठी कापसातली ओल मोजायचं केंद्रातलं एकुलतं एक यंत्र डब्यापाशी लावलं आणि मारोतीला आकडा वाचायला बसवलं. ऊन आणि उजेड राहिले. त्यांना जाड ताडपत्री हवी, आणि धड अशी एकच होती, उकंडाच्या गाडीवर.

"देतो न," तो म्हणाला, "पण पाणी आलं तं?"

"अरे, पाणी आलं तर कॉफीचं काय होईल, त्याचीच तर मला काळजी आहे!"

संध्याकाळी पाऊस आला, आणि असा कोसळला की पत्र्यावर कान किटले. शेडमध्ये डबा, डब्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर छत्री धरून मी. मारोती आकडे ओरडत होता आणि प्रत्येक आकड्याला आम्ही एकमेकांना टाळी देत होतो. बाहेर उकंडा आपल्या कापसावर पालथा पडला होता. मारोतीने त्याला आत बोलावलं, पण ओल्या माणसाला डब्याजवळ येऊ देणं सुरक्षित नव्हतं, म्हणून मी ते बोलावणं रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. समितीने बहुमताने निवडलेल्या यंत्रात बिया दळल्या गेल्या. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताजी आहे." माझे डोळे भरून आले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. उन्हात गाड्यांमधल्या कापसातून वाफा निघत होत्या. "वा, इथे सगळंच गरमागरम!" असं म्हणून ते पुढच्या तालुक्याला गेले.

ओल मोजायचं यंत्र मोकळं झालं, नंदकिशोर मोकळा झाला, खरेदी सुरू झाली. त्याने उकंडाच्या कापसात यंत्र खुपसलं आणि मान हलवली.

"ओल जास्त आहे. घेता येत नाही."

"ओल कुठून आली, तुमाले ठाव नाही काय?"

"यंत्र किती ते सांगते, कुठून ते सांगत नाही."

उकंडाने बैल जुंपले. मी स्वतः त्याची ताडपत्री घडी घालून परत दिली. शासन कोणाचं काही ठेवून घेत नाही.

हा अनुभव मी पुढे नागपुरात आणि पुण्यात चांगल्या शिकलेल्या माणसांना सांगितला. सगळे मन लावून ऐकतात, उकंडापाशी आले की हळहळतात, आणि मग खुर्ची पुढे ओढून विचारतात, "पण शेवटी यंत्र कोणतं घेतलंत?" उकंडा तो ओला कापूस घेऊन कुठे गेला, हे अजून एकानेही विचारलेलं नाही, त्यामुळे ती माहिती केंद्राकडे उपलब्ध नाही. तुम्हीही मघापासून कशासाठी थांबला आहात ते मला समजतं. उगाच ताटकळत ठेवत नाही. शंकूसारख्या दात्यांचं. दळण एकसारखं पडतं. दुकानाचा पत्ता हवा असेल तर तोही देतो.