श्रीनिवास फडणीसांच्या कानशी सुरक्षित कशा झाल्या

माणसाला जे हरवेल अशी भीती वाटत नाही, तेच खऱ्या अर्थाने असुरक्षित असते. हे वाक्य एका नामांकित विमा कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेले आहे. (कंपनीचे नाव सांगत नाही. उगाच फुकट जाहिरात कशाला?)

सदाशिव पेठेत राहणारे श्रीनिवास फडणीस हे असेच एक असुरक्षित गृहस्थ होते. बुधवार पेठेतल्या आप्पासाहेबांच्या वाद्यांच्या दुकानात ते बत्तीस वर्षं हार्मोनियमचे सूर लावत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकदाही भीती वाटली नव्हती. दुकान आप्पासाहेबांचं, पण अवजारं श्रीनिवासरावांची स्वतःची. पेटीचे सूर घासून जुळवायच्या तीन कानशी, दोन चिमटे, एक पितळी पट्टी, एक स्क्रूड्रायव्हर आणि आणखी एक वस्तू, जिला ते नुसतं ‘ते’ म्हणत. सकाळी कापडी पिशवीतून सगळं दुकानात न्यायचं, संध्याकाळी घरी आणायचं. ही अवजारं त्यांना त्यांच्या उस्तादांनी, खडकीच्या कोंडीरामांनी, हयात असताना हातात दिली होती. तेव्हा पावती वगैरे काही झालं नव्हतं. उस्तादांनी पाठीत एक धपाटा घातला होता, तेवढाच काय तो व्यवहार.

अशात कंपनीने ‘वैयक्तिक अवजार सुरक्षा योजना (घर व कामाची जागा)’ काढली. योजनेआधी शहरात रीतसर पाहणी झाली. शंभरापैकी त्र्याण्णव कारागिरांना आपली अवजारं धोक्यात आहेत याची कल्पनाच नव्हती. उरलेल्या सात जणांनी “तुम्हाला काय करायचंय?” असं उत्तर दिलं, त्यांची नोंद ‘अंशतः जागरूक’ अशी झाली.

कंपनीचा प्रतिनिधी अभय हा अत्यंत गोड मुलगा. श्रीनिवासरावांच्या घरी येऊन, चहा पिऊन त्याने सगळं समजावून सांगितलं.

“काका, घरी असताना कव्हर आहे. दुकानात असताना पण कव्हर आहे. एकदम टेन्शन फ्री.”

“आणि घरून दुकानात नेताना?”

“तेवढा वेळ काही होऊ देऊ नका, काका.”

श्रीनिवासरावांच्या पत्नी नीरजाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, बत्तीस वर्षं कुणी ती कानस चोरली नाही. चोराने नेली तरी तो तिचं करणार काय? नखं घासणार?” पण अभयने तोवर अर्ज काढला होता. ‘ते’ या वस्तूपुढे अर्जात नाव हवं होतं. बराच विचार करून ‘ते (एक नग)’ असं लिहिलं आणि किंमत नऊ हजार धरली. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजारांची अवजारं निघाली. आपण रोज पिशवीतून एवढी इस्टेट हलवत होतो, हे कळल्यावर श्रीनिवासरावांना रात्रभर झोप लागली नाही. म्हणजे योजनेचा पहिला लाभ त्यांना तिथेच मिळाला.

कलम सहाप्रमाणे प्रत्येक अवजारावर मालकी दाखवणारी कायमची खूण आवश्यक होती. आता पुण्यात धातूवर कायमचं काही लिहायचं, तर माणूस कुठे जाणार? श्रीनिवासराव तुळशीबागेमागे, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे गेले. पुढे डबे आणि पातेली घेतलेल्या सात बायका होत्या. नंबर आल्यावर त्यांनी कानशी पुढे केल्या. नाव घालणाऱ्याने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि मशीन सुरू करत विचारलं,

“कुणाकडून?”

“कुणाकडून नाही हो. माझीच आहेत. श्रीनिवास फडणीस, एवढंच घाला.”

“स्वतःला स्वतःच भेट देता होय? चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. देणाऱ्याचं नाव नाही अशी एक वाटीसुद्धा इथून गेलेली नाही. बोला लवकर, मागे लाइन आहे.”

श्रीनिवासराव सरळ माणूस. त्यांनी विचार केला, हा म्हणतो ते खोटं कुठे आहे? दिली तर उस्तादांनीच. उस्तादांचं नाव आपल्या अवजारांवर येणार म्हणून त्यांना भरूनही आलं. मशीन भुर्रर्र करत फिरलं. कानशींच्या मुठींच्या पितळी कड्यांवर, पट्टीवर, चिमट्यांवर सुरेख अक्षरांत उमटलं: ‘श्री. श्रीनिवास फडणीस यांस कोंडीराम यांजकडून सप्रेम भेट’. खाली, प्रथेप्रमाणे, त्या दिवसाची तारीख. (‘ते’वर जागा कमी होती, म्हणून फक्त ‘सप्रेम’.)

अभय तपासणीला आला. त्याने फोटो काढले, वाचलं आणि विचारलं, “काका, हे कोंडीराम कोण?”

“माझे उस्ताद. जाऊन अकरा वर्षं झाली.”

“पण भेट तर मागच्या गुरुवारी दिलीय.”

इथे कंपनीच्या कारभाराचं कौतुक केलं पाहिजे. कोणी हसलं नाही. मुख्य कार्यालयाने सतरा दिवस विचार केला आणि तीन निष्कर्ष काढले. मृत व्यक्ती गुरुवारी भेट देऊ शकत नाही. सबब भेट झालेलीच नाही. सबब अवजारं अजून कोंडीराम यांचीच, म्हणजेच त्यांच्या वारसांची आहेत. मालकी ठरेपर्यंत ती सीलबंद करून कंपनीच्या ताब्यात ठेवण्यात आली. श्रीनिवासरावांना पोच मिळाली आणि सोबत एक कॅलेंडर.

गणपती महिन्यावर आलेले. दुकानात एकोणीस पेट्या सूर लावायच्या थांबलेल्या. आप्पासाहेबांनी नव्या कानशी आणून दिल्या. श्रीनिवासरावांनी बसून प्रयत्न केला. बत्तीस वर्षांत ज्या हाताखाली सूर कधी बिघडला नव्हता, त्या हाताखाली एका भजनी मंडळाच्या पेटीचा मध्यम कायमचा बसला. ते उठले, दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि लहान पोरासारखे रडले. नव्या कानशीचा दोष नव्हता. जुनी कानस कोंडीरामांच्या आणि श्रीनिवासरावांच्या बोटांनी मिळून पन्नास वर्षांत घासून घासून तयार झाली होती. तसली दुकानात विकत मिळत नाही, इतकंच.

वारस एकच होती. कोंडीरामांची मुलगी ललिता, राहणार खडकी. ती धावत आली.

“श्रीनिवासदादा, बाबांनी तुम्हाला दिलेलं मी परत घेईन का? कुठे सही करू, सांगा.”

तिने ‘माझी काही हरकत नाही’ असं लिहून सही केली. कंपनीने हा कागद अत्यंत गंभीरपणे घेतला. जिचा हक्कच नाही, तिची हरकत किंवा ना-हरकत कोण विचारतो? ज्या अर्थी ललिताबाईंनी सही केली, त्या अर्थी हक्क त्यांचाच. सील उघडलं, अवजारं सन्मानपूर्वक खडकीला पोचती झाली. सोबत अठ्ठेचाळीस हजारांचं मूल्यांकन प्रमाणपत्रही गेलं.

ते प्रमाणपत्र ललिताचे यजमान संजयराव यांनी वाचलं. संजयराव मुळीच वाईट माणूस नाहीत. फक्त घरात अठ्ठेचाळीस हजारांची वस्तू आल्यावर जबाबदार गृहस्थ जे करतो, ते त्यांनी केलं. अभयला फोन केला. आता अवजारं त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या शोकेसमध्ये आहेत. ‘घर’ या विभागाखाली पूर्ण संरक्षण आहे. अटी दोनच, अवजारं घराबाहेर जाता कामा नयेत, आणि जाणकाराच्या हाती देऊ नयेत. (जाणकार ती वापरतो. वापराने झीज होते. झीज योजनेत बसत नाही.)

श्रीनिवासराव मंगळवारी आणि शुक्रवारी लोकलने खडकीला जातात. ललिता पोहे करते आणि डोळे पुसत आत निघून जाते. संजयराव शोकेसमधला दिवा लावतात. श्रीनिवासराव पाऊण तास बघत बसतात. काचेवर हात ठेवू नये अशी विनंती आहे. बाकीचे दिवस ते आप्पासाहेबांच्या काउंटरवर बसून इलेक्ट्रॉनिक तानपुरे विकतात. त्याला कानस लागत नाही.

कंपनीचा वार्षिक अहवाल परवाच आला. पुणे शहरात विमा उतरवलेल्या अवजारांची चोरी शून्य, मोडतोड शून्य, झीज शून्य. योजनेला राष्ट्रीय पातळीवर गौरव मिळाला आणि अभयला बढती.

हे वाचून तुम्ही हसलात, बरं वाटलं. या यशामुळे उत्साह वाढून कंपनीने आता स्वयंपाकघराकडे लक्ष वळवलं आहे आणि अभयसाहेब सोमवारपासून तुमच्याच भागात फिरणार आहेत. ते यायच्या आत एक करा. ओट्याखालचा तुरीच्या डाळीचा तो मोठा डबा काढा आणि झाकणावरचं नीट वाचा. कोणत्या मावशींकडून आहे? त्या हयात आहेत का? त्यांना मुलं किती? सुना भांडकुदळ आहेत का? उत्तरं एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे साहेबांचा वेळ जाणार नाही. डाळ मात्र काढू नका. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.