भिवाआप्पांचा बिनपायऱ्यांचा जिना

आमच्या गल्लीत पायरीशी उघड वैर धरलेला एकच माणूस होता, भिवाआप्पा. दुकानाला पायऱ्या असल्या, तर हे रस्त्यात उभं राहून ओरडून सामान मागवणार. दौंडला पार्सल ऑफिसात नोकरी लागून मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी आप्पा पहार घेऊन स्वतःच्या दारातल्या पायऱ्या फोडत होते.

"दुरुस्ती का आप्पा?" मी नवखा, विचारून बसलो.

"दुरुस्ती न्हाई, हकालपट्टी! पायरी ही चीजच मान्साला अडवायला केलीया."

आप्पांची स्टेशनबाहेर भज्यांची गाडी होती. त्याआधी ते मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली होते. ते जहाज एकदा स्पेनमधल्या सेव्हिल गावाला लागलं आणि आप्पांना एक दिवसाची सुट्टी मिळाली. बाकीचे खलाशी दारूच्या दुकानात शिरले. आप्पा इस्त्रीचा सदरा चढवून गाव बघायला निघाले. तो एक दिवस आप्पा दौंडात वर्षानुवर्षं भज्यांबरोबर फुकट वाढत होते.

"रस्त्याच्या कडंनं संत्र्याची झाडं, आन् कुनी हात लावत न्हाई! म्या लावला."

ती संत्री त्यांनी जहाजाच्या थंड खोलीत जपून घरापर्यंत आणली होती. गल्लीने फोड फोड वाटून घेतली आणि तोंडं वाकडी केली. संत्री कडूजहर! आप्पांच्या बायकोने, कौसाकाकूंनी, उरलेल्यांना मीठ-तिखट लावून लोणचं घातलं आणि निकाल दिला, "परदेसाचं संतरं आसं आस्तंय व्हय? ह्ये कुठलं परदेसात ग्येल्यात! मुंबईतच दडून बसलं व्हतं." गल्लीनेही तोच निकाल कायम केला. काकूंचा डावा पाय लहानपणीच्या आजारात गेलेला. कुबडी घेऊन घरातल्या घरात फिरत, पण जीभ मात्र थेट मनमाडपर्यंत चाले.

सगळ्यात जास्त हसं व्हायचं ते मनोऱ्याचं. "थोरला मनोरा, आन् आत येक पायरी न्हाई. नुसता चढ, गोल गोल. पूर्वी बांग देनारा घोड्यावर बसून वर जायचा. तिथल्या रखवालदारानं मला जिभंनं टापा वाजवून सांगितलं." मग झारा बाजूला ठेवून आप्पाही टापा वाजवत. "म्या तिकीटवाल्याला जयभीम घातला. त्यानं तिकीट दिलं. तू कुनाचा, कुठला, काय न्हाई. आमच्या गावच्या देवळात पायरीला सुदिक शिवू देत नव्हतं, आन् हितं म्या पार शेंड्याला!"

एवढ्या एका वाक्याला कोणी हसत नसे.

पुढे आप्पांनी तसाच चढ स्वतःच्या घराला बांधायला काढला. अंगणातून निघायचा, घराला वळसा घालायचा आणि गच्चीवर टेकायचा. सिमेंटचं परमिट मिळेना, तर इंजिनाची राख आणि चुना आणला. गवंडी दोनदा काम टाकून पळाला. लोक विचारत, "आप्पा, म्हशी गच्चीवर बांधायच्या का?" काकू आतून ओरडत, "माज्या चुलीवरचा उजेड ग्येला!"

"हसा," आप्पा म्हणत. "म्या डोळ्यानं बघितलंय."

काम पुरं झालं त्या संध्याकाळी टांगेवाला हुसेनभाई घोडा सोडून घेऊन आला. घोडा वर चढला तर मनोरा खरा, अशी पैज लागली होती. सगळी गल्ली जमली.

"घोडा मागनं," असं म्हणून आप्पा घरात गेले आणि काकूंचा हात धरून बाहेर आले.

"आवं, लोकं बघत्यात!"

"बघू दे. त्येच्यासाठीच जमल्यात." मग मला म्हणाले, "भाऊसायेब, मागनं या. तोल ग्येला तर धरा."

एका हातात कुबडी, दुसरा हात आप्पांच्या खांद्यावर. काकू शिव्या देत चढल्या, थांबल्या, परत चढल्या.

वर आल्यावर त्यांनी कठडा धरला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आगगाड्या नुसत्या ऐकल्या होत्या. समोर सगळं यार्ड पसरलेलं, आणि एक गाडी धूर सोडत भीमेच्या पुलाकडे निघालेली.

"ही व्हय ती, रोज वरडनारी?" एवढंच बोलून काकू बघत राहिल्या.

आप्पा नदीकडे तोंड करून मला म्हणाले, "त्या मनोऱ्यावर समदी जोडीनं आल्याली. म्या येकलाच. आख्खं गाव दिसत व्हतं, पर दावू कुनाला? उतरताना ध्यानात आलं, ही कुबडी घिऊनबी तितं चढली असती की."

तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "आप्पा, घोडा आणू का?"

"परत न्या त्येला!" आप्पा कठड्यावरून वाकून गरजले. "आन् ऐकून ठिवा, त्या मनोऱ्यात बी शेवटाला थोड्या पायऱ्या हायेत. हितं तेवढ्याबी न्हाईत!"

काकूंनी गाडीवरची नजर काढून नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजी," त्या हळूच म्हणाल्या, "खरंच ग्येला व्हता तुमी."